मिक्सर, जुना टीव्ही आणि बिचारी केबल

वेल्समधल्या आबरहोसान नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सात वाजले की ब्रॉडबँड कोलमडायचं. ओपनरीच कंपनीने बरीचशी केबल बदलून पाहिली, फरक शून्य. शेवटी इंजिनिअर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन पहाटे भर पावसात गावात हिंडले. सात वाजले आणि यंत्रावर विद्युत गोंगाटाचा लोट उसळला. माग काढत ते एका घराशी पोचले. तिथे सेकंडहँड घेतलेला एक जुना टीव्ही रोज सातला लागत होता. तो बंद झाला आणि गावाचं नेट सुरळीत झालं. ही २०२० सालची गोष्ट.

त्या टीव्हीचा ब्रॉडबँडच्या लाइनशी कुठेही सांधा नव्हता. ‘वायर जोडलेली नाही म्हणजे संबंध नाही’ हा पहिला गैरसमज इथेच निकालात निघतो. तांब्याची कुठलीही लांब तार ही न मागता मिळालेली अँटेना असते. शेजारच्या तारेतला प्रवाह बदलला की भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि आपल्या तारेत चिमूटभर व्होल्टेज उमटतं.

यातली मेख ‘बदलला की’ या शब्दांत आहे. दोन किलोवॅटचा गीझर जास्त वीज खातो म्हणून जास्त त्रास देत असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तो चालू असताना गप्प असतो. गोंगाट करतो तो चटणी वाटणारा मिक्सर, कारण त्याच्या कार्बन ब्रशपाशी सतत ठिणग्या उडतात. मिक्सर लावला की टीव्हीवर रेघा यायच्या, हे चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. त्या मिक्सरची जागा आता स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर घेतात. त्यांच्या आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो.

‘लाइटच्या वायरीशेजारून लॅन केबल नेली म्हणून नेट स्लो झालं’ हेही सरसकट खरं नाही. घरातली वीज ५० हर्ट्झची, लॅनचा सिग्नल कोट्यवधी हर्ट्झच्या घरातला. शिवाय पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला दारातच अडवतो. तरीही दोन्ही एकाच पट्टीतून ओढू नयेत, पण कारण वेगळं: इन्सुलेशन फाटलं तर लॅनच्या तारेत २३० व्होल्ट येतील.

मग महागडी शिल्डेड केबल? अर्थिंग धड नसेल तर ते शिल्ड उलट स्वतःच अँटेना होऊ शकतं, आणि आपल्याकडच्या अर्थिंगबद्दल न बोललेलंच बरं. खरी राखण पिळाची असते. साध्या लॅन केबलचं वरचं साल सोलून बघा. चार जोड्या दिसतील, प्रत्येकीचा पीळ कमीजास्त. जोडीतल्या दोन तारांत एकच सिग्नल उलटसुलट धावतो आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींतला फरक वाचतं. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोघींवर जवळपास सारखाच बसतो, त्यामुळे वजाबाकीत उडून जातो. ग्रॅहम बेल यांनी ही युक्ती १८८१ मध्येच पेटंट केली होती. कनेक्टर बसवताना मात्र पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो. घाईतला माणूस दोन इंच उलगडतो आणि नंतर केबलला नावं ठेवतो.

काही केबलींवर दिसणारी ती जाड गाठ बॅटरी नव्हे, शोभाही नव्हे. ती फेराइटची नळी आहे, तारेवरून सरपटत येणारा उच्च वारंवारतेचा गोंगाट ती गिळते. फायबरला यातलं काहीच लागत नाही, कारण त्यातून प्रकाश जातो.

केबल प्रत्येक वेळी निर्दोष असते असंही नाही. यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळतो. लोक माऊसचा सेल बदलत बसतात. खरं तर यूएसबी ३ च्या डेटाचा गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो, आणि माऊसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. माऊसचा डोंगल एखाद्या छोट्या एक्स्टेन्शनवर लावून हार्डडिस्कपासून हातभर लांब ठेवा. सेल तोच चालेल.