चाकाविना घडलेली चहादाणी

छोटीशी तांबूस-जांभळी चहादाणी कलती धरली आहे आणि तोटीतून चहाची सरळ धार पेल्यात पडते आहे. झाकणाच्या बोंडावर सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यावर बोट ठेवलं की धार जागच्या जागी थांबते. बोट उचललं की पुन्हा सुरू होते.

कारण हवेत आहे. जेवढा चहा बाहेर पडतो, तेवढी हवा आत यावी लागते. भोक बंद झालं की आतला दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा चहाला तोटीतच अडवून धरते. पण त्यासाठी झाकणाच्या कडेनेही हवा शिरता कामा नये. माती वाळताना आणि भाजताना सुमारे १० टक्के आकसते, तरीही झाकण आणि भांडं इतके नेमके जुळतात. आणि ज्या हातांनी हे साधलं, त्यांनी कुंभाराचं चाक वापरलेलंच नसतं!

या चहादाण्या चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगच्या. ताईहू या विशाल सरोवराच्या पश्चिमेला हा भाग येतो आणि तिथलं डिंगशू हे कारागिरांचं गाव. त्यांची माती नदीकाठी मिळत नाही. ती डोंगराच्या पोटातून दगडासारखी खणून काढतात. तिचं नाव झिशा. हे दगड ऊन-पावसात उघड्यावर ठेवतात, तेव्हा ते हळूहळू फुटतात. मग ते दळायचे, चाळायचे, पाण्यात कालवून तिंबायचे आणि तो गोळा मुरत ठेवायचा. मातीतल्या लोहामुळे जांभळा, तांबडा, पिवळसर असे रंग येतात. वरून ग्लेझचा लेप नसतो. दिसतो तो मातीचा स्वतःचा रंग.

लेप नसण्याचा मोठा फायदा म्हणजे झाकण भांड्यावर बसवूनच दोन्ही एकत्र भाजता येतात. लेप असता, तर तो वितळून झाकण कायमचं चिकटलं असतं. इथे दोन्ही बरोबरीने आकसतात आणि एकमेकांना धरून राहतात.

झिशात वाळूसारखे बारीक कण भरपूर असतात. ती भराभर फिरणाऱ्या चाकावर उठवण्यापेक्षा चोपून घडवायला सोयीची. म्हणून कारागीर लाकडी मोगरीने चोपून मातीची पट्टी करतो, ती मापाने कापतो आणि वळवून नळकांडं जोडतो. मग ते हाताने फिरवायच्या छोट्या पाटावर ठेवून आतून बोटांचा आधार देत बाहेरून थापीचे हलके ठोके देतो. ठोक्यागणिक भिंत आत झुकते आणि नळकांड्याचा गोल होतो. खालचं तोंड चकतीने मिटवायचं, भांडं उलटं करून वरची बाजूही तशीच वळवायची. तोटी, कान, झाकण वेगळे घडवून नंतर जोडायचे. शेवटी शिंगाच्या पातळ, लवचीक पट्टीने पृष्ठभाग घोटून काढायचा.

उन्हाळ्यात नवी मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला जे माठ विकायला येतात, त्यांच्यामागेही थापीच असते. कुंभार चाकावर जाड भांडं उठवतो, मग आतून गोळा धरून बाहेरून थापीने ठोकत जातो. भिंत पातळ होते आणि माठाचं पोट फुगतं. हत्यार एकाच घराण्यातलं, पण आपल्याकडचा ठोका भांडं फुलवतो, तर यीशिंगचा ठोका भांडं मिटवत आणतो. फरक भट्टीतही आहे. माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून तो झिरपतो आणि पाणी गार करतो. झिशा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सियसला भाजते. तिच्यात सूक्ष्म छिद्रं उरतात, पण पाणी झिरपत नाही. माठ आणि चिनी माती यांच्या मधली ही जागा निसर्गाने जणू चहासाठीच राखून ठेवली होती.

पण त्या जागेची गरज पडायला आधी चहा बदलावा लागला. पूर्वी चीनमध्ये चहाच्या वड्या कुटून त्यांची पूड वाडग्यात घुसळत. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने नजराण्यातल्या वड्या बंद करून सुटी पानं मागवली. सुटी पानं भिजत ठेवायला झाकणाचं भांडं हवं होतं. परंपरा सांगते, की १६व्या शतकाच्या सुरुवातीला गोंग चुन नावाच्या एका नोकराने मंदिरातल्या भिक्षूचं काम पाहून पहिली नावाजलेली चहादाणी घडवली, तीही झाडाच्या गाठीच्या आकाराची. नानजिंगजवळ १५३३ च्या एका थडग्यात सापडलेली चहादाणी मात्र प्रत्यक्ष पुरावा आहे.

पुढे शी दाबिन या कारागिराने चहादाणी लहान केली. चेन मानशेंग (१७६८-१८२२) हा अधिकारी, चित्रकार आणि मुद्रा कोरणारा. तो आकार सुचवायचा, कारागीर यांग पेंगनियान ते घडवायचा आणि मग त्यांवर अक्षरं कोरली जायची. कारागीर भांड्याच्या बुडावर आपल्या नावाची मुद्रा उमटवत. मातीकाम करणाऱ्याला कवी आणि चित्रकारांच्या पंक्तीत बसवणारा असा मान जगात फार थोड्या ठिकाणी मिळाला. २००६ मध्ये चीनने ही कला आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत घेतली.

१७व्या शतकात चहाच्या पेट्यांसोबत ही भांडी जहाजांतून युरोपात पोचली. डेल्फ्टमध्ये आरी द मिल्डे आणि इंग्लंडमध्ये एलर्स बंधू यांनी त्यांच्या तांबड्या नकला केल्या. एलर्स बंधूंना त्यासाठी साचे आणि लेथ लागले. आज साच्यातून काढलेल्या चहादाण्या बाजारात मुबलक आहेत आणि अनेक चांगल्याही असतात. हातघडणीचं भांडं ओळखायला डोळा लागतो. ओठ, तोटीचं टोक आणि कानाचा माथा सहसा एका पातळीत येतात. आत, कानाच्या बाजूला, नळकांडं जोडल्याची पुसट रेघ अनेकदा सापडते.

आपला दूध-साखरेचा, आलं ठेचून उकळलेला चहा पातेल्यातच खुलतो. त्याला या भांड्याची गरज नाही. दार्जिलिंगची किंवा ऊलॉंगची पानं मात्र इथे चांगली उमलतात. जाणकार एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात, साबण लावत नाहीत, नुसत्या गरम पाण्याने धुतात. चहा आणि हाताचा स्पर्श लागून वर्षानुवर्षं तिच्यावर मंद झळाळी चढते. कारागिराने लेप दिलेला नसतो, म्हणूनच हे काम तो पिणाऱ्यावर सोपवू शकतो. भट्टीतून बाहेर आलेली चहादाणी पुरी होते, ती तिच्या मालकाच्या हातात.