थेंब मोजताना

रेडी, मे महिन्याची सकाळ. यशवंतगडाच्या बाजूने खारा वारा येतो आहे. खाडीजवळच्या बावीच्या चिऱ्यांच्या काठावर दोघी जणी पाणी तपासायला बसल्या आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना दिलेल्या प्रशिक्षणातून त्या हे शिकल्या आहेत.

नमुन्यात पोटॅशियम क्रोमेट पडतं, पाणी पिवळं होतं. मग सिल्व्हर नायट्रेट, एकेक थेंब. विटकरी रंग यायला जितके थेंब जास्त, तितकं क्लोराइड जास्त. वरच्या वाडीतलं पाणी लगेच रंग बदलतं. या बावीचं पिवळंच राहतं. मोजणारीचा हात थांबत नाही.

मी ओंजळभर पाणी पिऊन बघतो. जिभेवर मचूळपणा राहतो.

"मेच्या अखेरीक असाच लागता," कळशी घेऊन आलेल्या काकी म्हणतात. "पावस पडलो की परत गोडा."

त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. जांभ्यातून मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर ते फूटभर असलं, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी टिकतं. उपसा वाढून तो वरचा फूट गेला, की खालचा खार वर सरकतो. पलीकडच्या बागेत पंप सकाळपासून चालूच आहे.

एक मुलगा समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणतो. "ह्या गोडा करूक नाय येणा?"

येतं. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला २००५पासून तसा प्रकल्प आहे, रोज १ लाख लिटरचा. चेन्नईजवळ मिंजूरला २०१०मध्ये रोज १० कोटी लिटरचा सुरू झाला. मुंबईने मनोरीला योजला आहे. पण मिंजूरसारख्या प्रकल्पात हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाबाने पाणी पडद्यातून ढकलावं लागतं. हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाते आणि आत घेतलेल्या पाण्यातलं निम्म्याहून अधिक जवळजवळ दुप्पट खारट होऊन परत सोडावं लागतं. आमच्या कालवांच्या, तिसऱ्यांच्या खाडीत ते सोडायचं?

कवरत्ती प्रवाळबेट आहे, तिथे ना नदी ना डोंगर. इथे मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर तीन लाख लिटरच्या घरात पाणी उतरतं, म्हणजे कवरत्तीच्या त्या प्रकल्पाची तीन दिवसांची कमाई. आणि ते समोरच्या गटारातून खाडीला मिळतं.

अखेर विटकरी रंग येतो. आकडा वहीत चढतो. "पंपवाल्यांका सांगूक होया," मोजणारी म्हणते आणि उठते. मलाही तेच वाटतं: आधी उपसा आवरावा, मिरगाआधी पन्हळींचं पाणी गाळून बावीच्या शेजारी जिरवावं. यंत्राचा विचार त्यानंतरचा.