डेटाबेस (भूमिअभिलेखांतील)

परस्परसंबंधित माहितीचा, ठराविक रकान्यांत मांडलेला आणि संगणकाच्या साहाय्याने शोधता, जोडता व बदलता येणारा संग्रह. यास माहितीसंचय असेही म्हणता येईल. संगणकापूर्वीही असे संग्रह असत. गावोगावच्या महसुली नोंदवह्या हे त्यांचे परिचित उदाहरण होय. महाराष्ट्रात या नोंदवह्यांचे संगणकीकरण झाल्यामुळे डेटाबेसमधील मूलभूत संज्ञा त्यांच्या आधारे सुलभपणे स्पष्ट करता येतात.

नोंद व ओळखक्रमांक : सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांचा जोड उतारा होय. समान रकान्यांच्या अशा तक्त्यास ‘टेबल’, त्यातील एका जमिनीच्या संपूर्ण नोंदीस ‘रेकॉर्ड’ आणि भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकारणी यांसारख्या प्रत्येक रकान्यास ‘फील्ड’ म्हणतात. प्रत्येक नोंद निःसंदिग्धपणे ओळखता यावी म्हणून योजलेल्या खुणेस ‘प्रायमरी की’ ही संज्ञा आहे. केवळ गट क्रमांक यासाठी पुरेसा नसतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर व जळकोट या दोन गावांत एकाच क्रमांकाचे गट असू शकतात. म्हणून गाव व गट क्रमांक यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

तक्त्यांचे परस्परसंबंध : एका शेतकऱ्याच्या जमिनी अनेक गटांत विखुरलेल्या असतात. गावातील त्याच्या सर्व जमिनींचा गोषवारा गाव नमुना ८-अ मध्ये मिळतो. या दोन नमुन्यांना जोडणारा दुवा म्हणजे खाते क्रमांक. अशा दुव्यांनी तक्ते जोडण्याचे ‘रिलेशनल’ प्रतिमान आय. बी. एम. मधील शास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडले. संचयातून हवी तेवढीच माहिती मागविणाऱ्या विचारणेस ‘क्वेरी’ म्हणतात.

इंटरनेटद्वारे उपलब्धता : इंटरनेट हे जगभरातील संगणकजालांना जोडणारे जाल असून भारतात ते १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांस उपलब्ध झाले. मागणीनुसार माहिती पुरविणाऱ्या संगणकास ‘सर्व्हर’ आणि संकेतस्थळ पाहण्याच्या साधनास ‘ब्राउझर’ म्हणतात. उतारा मागताच ब्राउझरकडून मागणी सर्व्हरकडे जाते, सर्व्हर डेटाबेसमध्ये शोध घेतो व उत्तर परत पाठवितो. दस्तऐवज अधिकृत असून त्यात नंतर फेरबदल झालेला नाही, हे ‘डिजिटल स्वाक्षरी’वरून पडताळता येते. अशी स्वाक्षरी असलेले सातबारा उतारे महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागले.

अद्ययावतता व मर्यादा : विक्री, वारसा इत्यादींमुळे होणारा बदल प्रथम फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार हितसंबंधितांस नोटीस देण्यात येते; हरकत आल्यास चौकशी होते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. ई-फेरफार प्रणालीतही हाच क्रम पाळला जातो. नोंद कोणी करावी व कोणी प्रमाणित करावी, हे अधिकार प्रत्येकास दिलेल्या प्रवेशसंकेताने मर्यादित केलेले असतात.

संगणक रकाना रिकामा राहिल्याचे किंवा क्षेत्राची बेरीज न जुळल्याचे दाखवू शकतो. परंतु जमीन प्रत्यक्षात कोणाची, हे तो ठरवू शकत नाही. तुळजापूरसह मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तेथील पुष्कळसे जुने अभिलेख उर्दूत आहेत. लिप्यंतरात एका नावाची दोन रूपे झाल्यास संगणक त्यांना दोन भिन्न व्यक्ती मानतो. मूळ वहीतील चूकही जशीच्या तशी पुढे येते. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. त्यामुळे एका अक्षराच्या चुकीनेही कर्ज, पीकविमा किंवा वारसाहक्क अडू शकतो. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. मात्र चूक वेळीच लक्षात येण्यासाठी खातेदाराने आपला उतारा मूळ फेरफाराशी अधूनमधून ताडून पाहणे आवश्यक ठरते.