निराशेनंतरचा संसार

निराशा दीर्घकाळ टिकली म्हणजे मनुष्यास ती आपली प्रकृतीच वाटूं लागते. तिच्यांतून तो बाहेर पडतो तो केवळ स्वतःच्या मनोबलावर, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु महाराष्ट्रांतील एका संसाराची हकीकत पाहिली असतां या समजुतीस थोडी मुरड घालावी लागते.

देवरुखच्या जोशी घराण्यांतील गोदूबाईंचें लग्न वयाच्या आठव्या वर्षीं झालें आणि तीन महिन्यांतच त्यांना वैधव्य आलें. पुढें केशवपन झालें. सासरचे काबाडकष्ट हेंच आयुष्य ठरलें. पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालींच झाला होता. परंतु कायदा दार मोकळें करतो. हात धरून बाहेर नेण्यास कोणी तरी आप्त लागतो. तो हात बंधूंनीं दिला. नरहरपंत जोशी यांनीं बहिणीस मुंबईस आणलें आणि पंडिता रमाबाईंनीं 1889 सालीं उघडलेल्या शारदा सदनांत शिकावयास घातलें. सदनांतील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. विद्या आली, मैत्रिणी मिळाल्या, आणि आपल्या आयुष्यास ‘उद्यां’ आहे, असें मानण्यास जागा झाली.

नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई 1891 सालीं निवर्तल्या. कुमारिका वधू सहज मिळत असतां, पुन्हा लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा कर्व्यांचा निश्चय होता. 11 मार्च 1893 रोजीं पुण्यास हा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. हें सुख निर्वेध मात्र नव्हतें. कर्व्यांच्या मुरुड गांवानें बहिष्कार घातला. स्वतःच्या माणसांत मिसळण्याचीहि चोरी झाली. तो अपमान उभयतांनीं मिळून सोसला, आणि त्या सोसण्यांतच त्यांचा स्नेह दृढ झाला. कर्व्यांनीं 1896 सालीं काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं पुढें आनंदीबाईंनीं स्वतः हिंडून वर्गणी गोळा केली. ‘माझे पुराण’ हें त्यांचें आत्मचरित्र 1944 सालीं प्रसिद्ध झालें.

मुंबईच्या उपनगरांतील गोरेगांवीं 1958 सालीं मृणाल गोरे यांचे पति केशव गोरे यांचें निधन झालें. पदरीं लहान मुलगी होती. परंतु शिक्षण, सार्वजनिक कार्य आणि जिवाभावाचे सहकारी त्यांच्यापाशीं होते. 1961 सालीं त्या मुंबई महानगरपालिकेंत निवडून आल्या, आणि लोकांच्या पाण्यासाठीं इतक्या झगडल्या कीं ‘पाणीवाली बाई’ हेंच त्यांचें नांव पडलें. संकटांत सांपडलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं 1983 सालीं गोरेगांवांत ‘स्वाधार’ हें केंद्र सुरू केलें.

या दोन्ही चरित्रांतील मनोधैर्य थोर खरेंच. पण त्या धैर्यास टेकावयास जागा मिळाली, हेंहि तितकेंच खरें. गोदूबाईंना जें एका भावाच्या धाडसानें लाभलें, तें ज्या स्त्रीस असा भाऊ नाहीं तिलाहि मिळावें, यासाठींच अशा संस्था लागतात.