राउटर घरात, किल्ली बाहेर

सोलापुरात घरी इंटरनेटची नवी जोडणी घेतली, की ती बसवायला आलेला मुलगा बहुधा तासाभराच्या आत मोकळा होतो. खांबावरून आलेली काळी वायर खिडकीच्या चौकटीशी भोक पाडून आत घेतो, ती जिथे आत येते तिथेच खिळे ठोकून राउटरचा डबा टांगतो, घरातल्या एकाच्या मोबाईलवर वाय-फाय लावून देतो, पासवर्ड म्हणून त्याच घराचा मोबाईल नंबर ठेवतो आणि पुढच्या घराकडे निघतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभरात त्याला अशी किती तरी घरं उरकायची असतात, आणि वायर जितकी कमी लागेल तितकं त्याचं काम हलकं. पण तेवढ्या वेळात त्याने घराच्या वतीने काही निर्णय घेऊन टाकलेले असतात. डबा कुठे राहणार, तो कोणत्या पट्ट्यात बोलणार, त्याचं दार कोणत्या किल्लीने उघडणार आणि ती किल्ली कोणाजवळ असणार, हे सगळं ठरून जातं आणि पुढची कित्येक वर्षं घर त्यावर चालतं. हे निर्णय घरच्यांनी घ्यायचे आहेत आणि त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, एवढंच या लेखात मांडायचं आहे. ‘नेट फार स्लो आहे’ म्हणून केबलवाल्याला जे फोन जातात, त्यांतल्या बऱ्याच फोनांचं मूळ या न घेतलेल्या निर्णयांत असतं.

आधी वायरीकडे पाहू. आज शहरात जी जोडणी मिळते ती बहुतेक ठिकाणी फायबरची, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या तंतूची असते. त्यातल्या ‘जीपॉन’ नावाच्या पद्धतीत एका तंतूतून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती घरांकडे येते, आणि वाटेत काचेच्याच एका छोट्या विभाजकातून तो प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. येणारी माहिती १४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींवर, जाणारी १३१० वर. दोन्ही एकाच तंतूत, एकमेकींना धक्का न लावता. मधल्या अंतरात कुठेही वीज लागत नाही. सरकारी व्याख्येशी ताडून पाहिलं तर बदल केवढा झाला ते कळतं. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले तरी त्याला ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट आहे. आणि आज साधा घरगुती प्लॅन १०० मेगाबिटचा असतो. खांबापर्यंतचा रस्ता असा ओळखू येणार नाही इतका सुधारला. खिडकीपासून आतल्या खोलीपर्यंतचे शेवटचे दहा मीटर मात्र त्या मुलाने सोडले तसेच राहिले. उजनीहून येणारी जलवाहिनी कितीही मोठी टाकली, तरी मोरीतला नळ गंजलेला असेल तर बादली भरायला वेळ लागणारच.

दोष बाहेर आहे की घरात, हे ठरवायची कसोटी साधी आहे. लॅपटॉप राउटरला वायरने जोडायचा आणि वेग मोजायचा; मग त्याच लॅपटॉपवर आतल्या खोलीत बसून वाय-फायने मोजायचा. वायरीवर पुरता वेग मिळत असेल आणि खोलीत त्याचा पाचवा हिस्सा, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. वायरीवरही मिळत नसेल, तर तक्रार करायला हातात पुरावा आला. यात एक खोच आहे. प्लॅन २०० मेगाबिटचा आणि वेग मात्र ९४-९५ वर येऊन थांबत असेल, तर संशय त्या छोट्या नेटवर्क वायरीवर घ्यावा. तिच्यात आठ तारा असतात. त्यांतल्या चारच नीट जुळल्या असतील तर गाडी शंभराच्या पुढे जात नाही. अर्थात, डब्याचं पोर्टच शंभरचं असेल तरी हेच होतं. नवी वायर चहा-नाश्त्याच्या पैशांत येते.

आता जागेचा प्रश्न. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पलीकडे जातात, पण त्यांचा वेग कमी आणि तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण भिंत लागली की लवकर दमणाऱ्या. या पट्ट्याचा मोठा भाग भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. जुन्या पेठांमधल्या जाड दगडमातीच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचं फारसं काही चालत नाही, तिथे डबा घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळा हवा. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये अडचण वेगळी. भिंती पातळ, पण आजूबाजूला दहा-पंधरा वाय-फाय. २.४ च्या पट्ट्यात तेरा वाहिन्या दिसत असल्या तरी त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात, की एकमेकींना न अडवणाऱ्या तीनच उरतात: १, ६ आणि ११. सेटिंगमध्ये वाहिनीची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवली आणि या तिघींतली कमी गर्दीची निवडली, तर शेजाऱ्यांचं आणि आपलं, दोघांचंही भलं होतं. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, लांबच्या खोलीतले मोबाईल २.४ वर, अशी वाटणी बहुतेक घरांना पुरते. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि आरसा यांच्यामागे डबा ठेवणं म्हणजे पैसे देऊन घेतलेला वेग तिथेच अडवणं.

जागा ठरवताना सोलापुरात उन्हाचाही विचार करावा लागतो, आणि याविषयी कोणी बोलत नाही. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात तो ० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालवावा असं बहुधा छापलेलं असतं. इथे एप्रिल-मे महिन्यात बाहेरचाच पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या डब्याभोवतीची हवा त्याहून तापलेली असते. दुपारी नेट अडखळतं आणि रात्री सुरळीत होतं, असं उन्हाळ्यात वारंवार घडत असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी डब्यावर हात ठेवून पाहावा. वीज गेल्यावर नेट जातं तेही अनेकदा घरातल्याच डब्यामुळे. फायबरला मधे वीज लागत नसल्याने बहुतेक डब्यांच्या १२ व्होल्टच्या जोडणीला बसणारा छोटा यूपीएस लावला, तर तासा-दोन तासांचं काम निभावतं. मात्र ज्या भागात केबलवाल्याने खांबावर विजेवर चालणाऱ्या पेट्या बसवल्या आहेत, तिथे त्या पेटीची बॅटरी संपली की आपला यूपीएसही हतबल.

इथपर्यंतचं सगळं सोयीचं झालं. किल्लीचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तिथे नुकसान दिसत नाही. राउटरला दोन पासवर्ड असतात आणि घरोघरी त्यातला एकच माहीत असतो. वाय-फायचा पासवर्ड घरात शिरण्याचा; दुसरा, राउटरच्या सेटिंगचा, घराची रचनाच बदलण्याचा. हा दुसरा अनेकदा कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे कुठलीही दिव्य विद्या नव्हती. होती ती कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या साठएक जोड्यांची यादी. त्या फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास कोलमडल्या. आपल्या शेजारी, कर्नाटकात, जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम असेच निकामी झाले. ज्यांचा ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्ड बदलला नव्हता ते सापडले, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास जवळपास ४५ लाख मोडेमांमधलं, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारं सेटिंग गुपचूप बदललं गेलं. लोक बँकेचं नाव बरोबर टाइप करत, आणि पोचत मात्र चोरांनी मांडलेल्या खोट्या पानावर.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय? मिराईला कोणाच्या घरातलं काहीच नको होतं. त्याला डबा हवा होता. आणि घरातून गेलेल्या प्रत्येक गोष्टीवर बाहेर एकाच जोडणीचा शिक्का असतो, कारण राउटर घरातल्या सगळ्या मोबाईलना एकाच पत्त्यामागे उभं करतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटं जो ईमेल आला, त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरी पोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचा त्या ईमेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्यानेच वापरलं होतं. तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापरासाठी इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. त्या सूचना कंपन्यांच्या कागदांवर आहेत. घराघरात पोचल्या किती, हे भिंतीवर पेनाने लिहिलेले पासवर्ड सांगतात.

‘पण आम्ही पासवर्ड ठेवलाय की!’ ठेवलाय खरा, पण मोबाईल नंबर. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. जोडणीच्या वेळची हवेतली देवघेव एकदा टिपून घेतली, की गेम खेळण्याच्या भारी संगणकाला त्या सगळ्या तपासायला तास-दोन तास पुरतात. शिवाय दुकानदाराचा नंबर पाटीवर लिहिलेला असतो, तिथे संगणकही लागत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर ते लक्षातही राहतात आणि फोडायला अवघड जातात. बटण दाबून किंवा आठ आकड्यांचा पिन टाकून जोडणी करून देणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद ठेवावी. त्या पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासले जातात आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून निघतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी अवघे ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या अखेरीस उघड झालं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डबा कंपनीचा, देखभाल कंपनीची; ग्राहकाने हात घातला आणि बिघडलं तर? कंपन्या दुरून सेटिंग बदलतात आणि सुधारणा पाठवतात, हे खरं, आणि ते उपयोगीही आहे. पण डबा घरात कुठे असावा आणि पाहुण्यांना काय द्यावं, हे कंपनीला दुरून कळत नाही. बिघडण्याची भीतीही मुख्यतः एकाच जागी खरी आहे. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून ‘रीसेट’ केलं, की बऱ्याच जोडण्यांत ऑपरेटरने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि तो येईपर्यंत नेट बंद. त्यामुळे ती टाचणी दूर ठेवावी आणि हे युजरनेम-पासवर्ड पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यावेत. बाकी काम डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावरून सुरू होतं. तिथे १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो. वाय-फायला जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की पान उघडतं, त्याला बाहेरचं इंटरनेटही लागत नाही. तिथे सेटिंगचा पासवर्ड बदलायचा, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ वर ठेवायची, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय आपल्यासाठी चालू असेल तर बंद करायची. जिथे हे पान ग्राहकाला उघडूच दिलं जात नाही, तिथे त्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावावा आणि कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करायला सांगावं. ते मागणं ग्राहकाचा हक्क समजून करावं, उपकार म्हणून नाही. रात्री लहरींच्या धास्तीने राउटर बंद करणाऱ्यांनी खुशाल करावा, पण तो सामान्यतः वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढ्याच ताकदीने बोलतो आणि सुधारणा बहुधा रात्रीच येतात.

सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर घर आणि मागच्या खोल्यांत भाडेकरू, अशी वास्तू अजूनही ठिकठिकाणी आहे, आणि सगळ्यांचं नेट एकाच डब्यावर. मागांचं लोखंड लहरी अडवतं म्हणून खालच्या मजल्यासाठी वरून वायर सोडून दुसरा छोटा राउटर लावणं हा तिथला खरा उपाय; हवेतून रेंज वाढवणारं स्वस्त यंत्र वेग निम्म्यावर आणतं. भाडेकरू आणि वाय-फाय कॅमेरे यांच्यासाठी बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचं वेगळं जाळं चालू करता येतं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण हिशेबाच्या संगणकापर्यंत वाट जात नाही. मालकाच्या मोबाईलवरचं कॅमेऱ्याचं चित्र बहुधा इंटरनेटमार्गेच येत असल्याने ते तसंच दिसत राहतं. वायरने जोडलेला डीव्हीआर मात्र सहसा या जाळ्यात बसत नाही, म्हणून त्याचा कारखान्यातला पासवर्ड तरी त्याच दिवशी बदलावा. मिराईच्या यादीत डीव्हीआरचे पासवर्ड भरपूर होते.