चिलखतांतील हंसूं

आर्थर राजा व त्याचे गोलमेजी सरदार यांच्या कथा आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें सांगितल्या, आणि त्या अत्यंत गंभीर मुद्रेनें सांगितल्या. मध्येंच कोणी हंसलें, तर आमची नजर छडीकडे जात असे. त्यामुळें टी. एच. व्हाइट यांचें ‘द सोर्ड इन द स्टोन’ हें १९३८ सालचें पुस्तक वाचतांना आमचा नातू एकटाच खो खो हंसत आहे असें पाहिलें, तेव्हां तें काढून घ्यावें असेंच प्रथम मनांत आलें. थोरांची थट्टा वाचून मुलांस थोरवीच हास्यास्पद वाटूं लागली तर? घरोघरच्या वडीलधाऱ्यांस हीच धास्ती असणार. म्हणून पुस्तक आम्हीं स्वतः वाचलें.

या कथांचा प्रसिद्ध इंग्रजी संग्रह सर टॉमस मॅलरीचा; कॅक्स्टननें तो १४८५ सालीं छापला. त्यांत पेलिनोर राजा एका अजब श्वापदाच्या मागें लागला आहे. त्याचें डोकें सापाचें, धड बिबट्याचें, पार्श्वभाग सिंहाचा, पाय हरणाचे; आणि पोटांतून तीस जोड शिकारी कुत्रे एकदम भुंकल्यासारखा आवाज! मॅलरी हें सारें न हंसतां सांगतो. व्हाइट मात्र (हे गृहस्थही १९३६ पर्यंत मास्तरच होते) पाहतात तें असा पाठलाग करणाऱ्या माणसाच्या रोजच्या हालांकडे. त्यांच्या पेलिनोरला चष्मा आहे, त्याच्या कुत्रीची दोरी त्याच्याच भोंवतीं गुंडाळली जाते, आणि तो बिचारा पिसांच्या मऊ गादीसाठीं झुरत असतो. पुढें एका मित्राच्या गढींत ती गादी मिळते व पाठलाग सुटतो. मग एके दिवशीं रानांत तें श्वापद मरणोन्मुख पडलेलें आढळतें. कोणी पाठलागच करीनासें झालें, या दुःखानें तें खंगलें होतें. राजा कळवळतो आणि त्याची शुश्रूषा करूं लागतो.

येथें नातू हंसावयाचा थांबला. “आजोबा, तें बरें झालें कीं राजा पुन्हां त्याच्यामागें लागेल ना?” आम्हीं मान डोलावली.

चिलखती सरदारांच्या द्वंद्वाचा प्रसंगही असाच. दोघे भांड्यांच्या दुकानासारखे खणखणत कोसळतात. यांत अतिशयोक्ति आहे, हें मुलांस सांगावें. युद्धांतील पुऱ्या चिलखताचें वजन सुमारें २० ते २५ किलो असे व तें सर्वांगावर विभागलेलें असे. सराईत योद्धा स्वतःच घोड्यावर चढे. थट्टेचें म्हणाल तर विराटपर्वांत अंतःपुरांत बढाया मारणारा उत्तर रथांतून उडी टाकून पळतो, हें व्यासांनींही सांगितलेंच आहे.

पण आमची शंका फिटली ती केच्या प्रसंगानें. हा आर्थरचा मानलेला भाऊ. स्पर्धेच्या दिवशीं तो आपली तलवार मुक्कामीं विसरतो. ती आणावयास गेलेला आर्थर दगडांतली तलवार उपसून आणतो, आणि के म्हणतो, ही मींच काढली. मॅलरीच्या कथेंत बाप त्याला ग्रंथावर शपथ घ्यावयास लावतो, तेव्हां खरें बाहेर पडतें. व्हाइट यांनीं शपथ वगळली आहे. के बापाकडे पाहतो, आर्थरकडे पाहतो, तलवारीकडे पाहतो; मग ती मुकाट्यानें आर्थरच्या हातीं देतो आणि आपण खोटें बोललों असें कबूल करतो. त्या जागीं विनोदाचा एक शब्दही नाहीं.

नातू पुस्तक परत मागावयास आला, तेव्हां आम्ही तेंच पान दुसऱ्यांदां वाचीत होतों.