मागच्या चाकाची स्प्रिंग

अर्थसंकल्प आणि अवकाशयान यांच्या पंक्तीला मोटारसायकलच्या मागच्या स्प्रिंगने येऊन बसावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे नजर टाकली, तर आपल्यापैकी पुष्कळ जण त्या स्प्रिंगवर बसूनच येथे आले आहेत, हे कबूल करावे लागेल. तिच्या बुडाशी एक कडे असते आणि ते आपल्या हाताने फिरवता येते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आम्हांसही बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

ते कळले कुंभार्ली घाटात. चिपळूणहून कराडकडे निघालो होतो. मागे आमचे कुटुंब, त्यांच्या मांडीवर पिशवी आणि त्याही मागे कॅरिअरला बांधलेला एक दांडगा फणस. घाट चढताना एका डाव्या वळणावर आम्ही हँडल वळवले, पण गाडी हवी तशी वळेना. ती रस्त्याच्या मध्याकडे सरकत गेली, आणि नेमकी त्याच वेळी समोरून एस.टी. आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावले. कराडात पोचल्यावर एका गॅरेजवाल्याने "दोन्ही शॉकअप गेले, नवे घाला" असा निकाल दिला. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मात्र आमच्याच हत्यारांच्या पिशवीतला आकड्यासारखा वाकडा पाना काढून दोन्ही बाजूंची कडी तीन-तीन खाचा वर चढवली आणि पैसे न घेता आम्हांस वाटेला लावले. पुढचा रस्ता तीच गाडी शहाण्यासारखी चालली. हे कसे झाले?

स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते. हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली छापून प्रसिद्ध केला. समजा, आपल्या गाडीच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर ४ किलो भारास १ मिलिमीटर दबतात आणि चाकाची वरखाली होण्याची एकूण चाल ९० मिलिमीटर आहे. एकटा माणूस बसला असता गाडी या चालीच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ३० मिलिमीटर खाली बसावी. मुळीच बसू नये असे नव्हे! चाकाला जसे उंचवट्यावर वर जावे लागते, तसेच खड्ड्यात खालीही उतरावे लागते. त्यासाठी ही शिल्लक हवी. आता मागे ६० किलोचे माणूस बसले. त्याचा भार बहुतेक सगळा मागच्या चाकावर पडतो, म्हणजे आणखी १५ मिलिमीटर गेले. फणसाचे चार धरा. निम्म्याहून अधिक चाल उभ्या उभ्याच संपली. आता मोठा खड्डा आला की स्प्रिंग तळाला आपटते आणि धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो.

पण पाठीपेक्षा घातक गोष्ट पुढे घडते. मागचा भाग बसला की पुढचा उचलला जातो. हँडलखालचे नळे अधिक तिरपे होतात, पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि गाडी वळायला आळस करते. घाटाची चढण त्यात भर घालते. दिव्याचा झोतही वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कडे वर चढवल्याने स्प्रिंग "कडक" होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. ४ किलोला १ मिलिमीटर हा तिचा स्वभाव जसाच्या तसा राहतो. आपण फक्त तिला आधीच थोडी दाबून ठेवतो. कडे ५ मिलिमीटर वर गेले की गाडी जवळजवळ तितकीच उचलली जाते आणि गमावलेली चाल परत मिळते. म्हणूनच एकट्याने फिरताना कडे वरच्या खाचेवर ठेवणे हीही चूकच. मग खाली उतरायला चाल उरत नाही, चाक खड्ड्यावरून उडते, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते.

आराम आणि ताबा यांचे वैर आहे, असे मानण्याची रीत फार जुनी. एके काळी मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे आणि स्प्रिंगा काय त्या सीटखाली असत. बेलफास्टच्या रेक्स मॅक्कॅन्डलेस याने नॉर्टन कंपनीसाठी नवा सांगाडा रचला, त्यात मागचे चाक झुलत्या चिमट्यात बसवून दोन्ही बाजूंस शॉकअप दिले. हॅरोल्ड डॅनिएल या शर्यतपटूला त्यावर बसून पिसांच्या गादीची आठवण झाली आणि तेच नाव सांगाड्याला चिकटले. १९५० साली आइल ऑफ मॅनच्या सीनिअर आणि ज्युनिअर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक याच गाद्यांनी पटकावले.

स्प्रिंगेच्या पोटातल्या नळीत तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीचे बळ उष्णतेत विरते. हे तेल गळाले तर कडे कितीही फिरवा, उपयोग नाही. सीट जोराने दाबून सोडावी. ती वर येऊन स्थिर व्हावी. होडीसारखी डुलत राहिली किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर मात्र तो गॅरेजवाला म्हणतो ते खरे.

घरी करून पाहावयाचे, तर प्रथम टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे भरावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करावे आणि आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत शिंप्याच्या टेपने अंतर मोजावे. मग गाडी खाली घ्यावी, आपण बसावे, एकाने धरावी, दुसऱ्याने पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरक हीच आपली बैठक. मुलांना हा खेळ फार आवडतो. दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्या हव्यात. ज्या गाड्यांना मध्ये एकच शॉकअप असतो, त्यांचे कडे अडचणीच्या जागी असते. तेथे मेकॅनिकचा हात बरा.

खाच बदलल्यावर चेनची ढिलाई आणि दिव्याचा झोत तपासावा, कारण दोन्ही गाडीच्या उंचीबरोबर बदलतात. आमच्या घरी तो वाकडा पाना आता किल्ल्यांच्या खिळ्यालाच टांगलेला असतो, आणि मागे कोण बसणार हे विचारल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर निघत नाही.